झाकलेलं आणि लपवलेलं : गाडीतल्या पिस्तुलाचा कायदा

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. मामाला चाकणच्या शेडवर रात्री थांबायचं होतं, म्हणून त्याची गाडी मी एकटीने चिंचवडला आणली. कुरुळी, चिंबळी फाटा, इंद्रायणीचा पूल, मग मोशी. पुढे नाकाबंदी होती. हवालदारांनी काचेतून बॅटरीचा उजेड टाकला, लायसन्स बघितलं आणि म्हणाले, "जा ताई." घरी पोचल्यावर कागदी रुमाल सापडतोय का म्हणून डॅशबोर्डचा कप्पा उघडला. आत मामाचं .३२ बोअरचं पिस्तूल होतं.

लगेच फोन केला. मामा शांतपणे म्हणाला, "अगं, परवाना आहे की माझ्याकडे. आणि कप्प्यात तर आहे, कुणाला दिसतंय?"

या उत्तरात दोन समजुती आहेत. परवाना आहे म्हणजे सगळं ठीक, ही पहिली. दिसत नाही म्हणजे सगळं ठीक, ही दुसरी. पहिली निम्मी खरी आहे. दुसरीचा इतिहास फार मजेदार आहे, आणि आजची पोस्ट मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

नव्या वाचकांसाठी : मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता पीएच.डी.साठी शस्त्रकायदा आणि न्यायवैद्यक पुरावा यांच्या इतिहासावर काम करते. मी वकील नाही. तेव्हा खालचं सगळं इतिहास म्हणून वाचा, सल्ला म्हणून नको.

अमेरिकेतली 'लपवलेली' बंदूक

आपल्यातल्या बऱ्याच जणांना हा विषय अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून कळलेला असतो. टेक्सासमधल्या माझ्या आतेभावाच्या ऑफिसातले लोक गाडीत पिस्तूल ठेवतात, आणि तो ते 'आज पाऊस आहे' इतक्या सहज सांगतो. तिथे २००७ च्या सप्टेंबरपासून स्वतःच्या गाडीत पिस्तूल ठेवायला वेगळा परवाना लागत नाही. अट अशी होती की ते बाहेरून दिसता कामा नये. २०२१ पासून तर पात्र प्रौढ माणसाला रस्त्यावरही परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं.

गंमत म्हणजे त्याच देशात सुरुवात उलट्या टोकाने झाली होती. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्ये शस्त्र लपवून बाळगण्यावर बंदी घातली. कमरेला उघड शस्त्र लावणारा माणूस सरळ, आणि कोटाच्या आत लपवणारा दगाबाज, असा तेव्हाचा समज होता. म्हणजे दिसणं चांगलं की न दिसणं चांगलं, हे कायद्यात कायमचं ठरलेलं नसतं. कायदा कुणाला घाबरतो, त्यावर ते ठरतं.

आता आपल्याकडे येऊ.

१८७८ : सरकारपासून लपवू नका

१८५७ चा उठाव झाला त्याच वर्षी शस्त्रांवर पहिला मोठा कायदा आला, १८६० मध्ये दुसरा. पण ज्याची छाया आजही आपल्यावर आहे तो १८७८ चा, व्हाइसरॉय लिटनच्या काळातला. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदाही त्याच वर्षीचा.

१८७८ च्या कायद्याने भारतीय माणसाला परवान्याशिवाय शस्त्र घेऊन फिरायला मनाई केली. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांना मात्र सूट दिली. म्हणजे तेच पिस्तूल, तोच रस्ता, पण गुन्हा आहे की नाही हे धरणाऱ्याच्या वंशावर ठरणार. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध ठराव केले, ते मुख्यतः याच अपमानामुळे.

पण मला जास्त रस आहे तो त्या कायद्याच्या कलम २० मध्ये. कलम १९ खाली साध्या भंगाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती. तोच भंग सरकारी नोकराला, रेल्वेच्या कर्मचाऱ्याला किंवा भाड्याने माल वाहणाऱ्याच्या नोकराला कळू नये अशा रीतीने केला असेल, तर कलम २० प्रमाणे सात वर्षांपर्यंत.

जरा थांबून हे बघा. शस्त्र शेजाऱ्यापासून, बाजारातल्या गर्दीपासून किंवा ज्याला मारायचंय त्याच्यापासून लपवलं तर काय, याबद्दल हे कलम काहीच म्हणत नाही. त्याला चिंता आहे ती फक्त सरकारच्या डोळ्यांची, आणि त्या डोळ्यांत रेल्वेचा तिकीट तपासनीस आणि हमालही आले. यात आश्चर्य नाही. माणसं आणि माल लांबवर नेणारं तेव्हाचं मोठं वाहन म्हणजे रेल्वे. बोरघाटातून आगगाडीने मुंबई-पुणे जोडलं जाऊन जेमतेम १५ वर्षं झाली होती. एखादी जड पेटी कुणाच्या नावाने कुठे चालली आहे, हे सरकारच्या आधी रेल्वेवाल्याला कळायचं.

चिंचवडचे भाऊ

आमच्या घरापासून चापेकर चौक चालत दहा मिनिटांवर आहे. तिथून जाताना मला हटकून हे कलम आठवतं.

२२ जून १८९७ ची रात्र. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाल्याचा समारंभ गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावर होता. ती इमारत आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. पुण्यात प्लेगच्या नावाखाली घरात घुसून झडत्या घेणाऱ्या मोहिमेचा प्रमुख रँड समारंभ आटोपून घोडागाडीतून परतत होता. चिंचवडचे दामोदर चापेकर गाडीच्या मागच्या बाजूने चढले आणि त्यांनी गोळी झाडली. दुसऱ्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्टला बाळकृष्ण चापेकरांनी गोळी घातली. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली. बाळकृष्ण, धाकटे वासुदेव आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे यांना पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात.

ही गोष्ट आपण शाळेत शिकलोय. शस्त्रकायद्याच्या बाजूने ती क्वचितच बघितली जाते. त्या रस्त्यावर त्या रात्री दोन प्रकारची माणसं होती. खासगी घोडागाडीत बसलेल्यांना पिस्तूल बाळगायला परवाना लागत नव्हता. रस्त्याकडेच्या अंधारात उभ्या असलेल्यांना लागत होता, आणि तो त्यांना कधीच मिळाला नसता. सरकारला ज्या 'लपवलेल्या' शस्त्राची १८७८ मध्ये धास्ती होती ते नेमकं असंच प्रकटलं, आणि सात वर्षांच्या शिक्षेची भीती त्याला अडवू शकली नाही. परवान्याचा कायदा रांगेत उभ्या राहणाऱ्याला बांधतो. जो रांगेत येतच नाही, त्याच्यापर्यंत तो उशिरा पोचतो.

अधिकार की परवानगी?

पहिल्या महायुद्धानंतर नियमांतला वंशभेद कागदावरून गेला. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने मूलभूत हक्कांची यादी केली. त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. मग तो राज्यघटनेत का आला नाही?

डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो घालण्याची दुरुस्ती मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. त्यांच्या म्हणण्याचा रोख असा, की 'प्रत्येक नागरिकाला' म्हटलं की त्यात चोर-दरोडेखोरही येतात, आणि मग अशा माणसाच्या हातात शस्त्र जाण्यापासून राज्य कसं रोखणार? दुरुस्ती पडली. मामाचं पिस्तूल हा त्याचा हक्क नसून त्याला दिलेली परवानगी आहे, याची मुळं त्या चर्चेत आहेत. परवानगी अटींसकट येते आणि परतही घेता येते.

१९५९ : 'रेल्वे'च्या शेजारी 'वाहन'

स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. वसाहतकाळाचा कायदा गेला, पण जुनं कलम २० नव्या कायद्यात कलम २६ म्हणून राहिलं. भाषा जवळजवळ तीच, फक्त यादी वाढली : सरकारी नोकर, तसेच रेल्वे, विमान, जहाज, वाहन किंवा वाहतुकीचं अन्य साधन यांवर काम करणारी व्यक्ती. यांना कळू नये अशा हेतूने केलेल्या भंगाला आजही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

नव्या कायद्यातलं कलम २० वेगळं आहे. शस्त्र संशयास्पद रीतीने किंवा परिस्थितीत नेलं जात असेल, तर पोलिस विनावॉरंट अटक करू शकतात आणि शस्त्र जप्त करू शकतात. या कलमातले महत्त्वाचे शब्द म्हणजे 'परवाना असो वा नसो'. मामाची पहिली समजूत निम्मीच खरी, असं मी म्हटलं ते यामुळे.

कायदा माणसाच्या डोळ्यांवर इतका विसंबलेला असेल तर ते डोळेच विकले गेल्यावर काय होतं? १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडच्या किनाऱ्यावर दिघी (आपली भोसरीजवळची दिघी नव्हे) आणि शेखाडी इथे शस्त्रं आणि आरडीएक्स उतरवण्यात आलं. तिथून माल गाड्यांतून पुढे गेला. वाटेत तपासणी करणाऱ्यांपैकी काहींनी पैसे घेऊन गाड्या सोडल्या, हे खटल्यात सिद्ध झालं. १२ मार्चला मुंबईत काय झालं ते सांगायला नको. लपवलेलं शोधण्याची सगळी भिस्त नाक्यावर उभ्या माणसावर असते. तिथे तो माणूसच हरला.

२०१६ : आता झाकायलाच हवं

इथपर्यंत कायदा म्हणत होता, आमच्यापासून लपवू नका. मग २०१६ चे शस्त्र नियम आले, आणि त्यातल्या नियम ८ ने दुसरी बाजू जोडली. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचं तर ते अंगावर बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीसारख्या धारकात हवं. ते पूर्णपणे झाकलेलं हवं. आणि नेणाऱ्याचं त्याच्यावर प्रत्यक्ष नियंत्रण हवं. शस्त्र परजून दाखवायला मनाई आहे. नियम मोडला तर परवाना जाऊ शकतो.

म्हणजे अमेरिकेत ज्याला एकेकाळी दगाबाजी म्हटलं, ते आपल्याकडे परवानाधारकाचं कर्तव्य आहे. का? २०१६ च्या नियमाला वेगळीच भीती आहे. ती दगाबाजाची नाही, मिरवणाऱ्याची आहे. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडणारा, वाढदिवसाला पिस्तूल टेबलावर ठेवून फोटो काढणारा, जमिनीच्या वादात समोरच्याला नुसतं दाखवणारा. जुलै २०२४ मध्ये मुळशी तालुक्यातल्या जमिनीच्या वादाचा एक व्हिडिओ सगळीकडे फिरला, तो आठवत असेल. त्यात पिस्तूल दाखवलं गेलं, झाडलं गेलं नाही. परवाना होता. तरी गुन्हा नोंदला गेला, अटक झाली, परवाना रद्द करण्याची नोटीस निघाली. २०१९ च्या दुरुस्तीने तर आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार करणं हा वेगळा गुन्हाच केला : दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मराठीत यासाठी दोन सुंदर शब्द आहेत. झाकणं आणि लपवणं. आपण पदार्थ झाकतो, चोरीचा माल लपवतो. झाकलेली वस्तू विचारल्यावर दाखवायची असते, लपवलेली दाखवायची नसते. आपल्या कायद्याची १४० वर्षांची गोष्ट एका ओळीत सांगायची तर : पिस्तूल लोकांपासून झाकलेलं असावं, सरकारपासून लपवलेलं नसावं. आधी दुसरा भाग आला, परक्या सरकारच्या भीतीतून. पहिला भाग फार उशिरा आला, एकमेकांच्या भीतीतून.

मग डॅशबोर्डचा कप्पा?

आता मामाचा कप्पा या दोन कसोट्यांवर लावून बघू.

झाकलेलं होतं का? हो. पण अंगावरच्या होल्स्टरमध्ये नव्हतं. मामा स्वतः चाकावर असता तरी कप्पा डावीकडच्या सीटसमोर असतो. आणि तो चाकणला, पिस्तूल चिंचवडला, यात 'नियंत्रण' कुठे आलं?

'पण गाडी खासगी आहे, ते सार्वजनिक ठिकाण कसं?' हा प्रश्न मला दोघातिघांनी विचारला. प्रश्न चांगला आहे, कारण सर्वोच्च न्यायालयाने त्याची दोन कायद्यांत दोन उत्तरं दिली आहेत. २०१९ मध्ये, बिहारच्या दारूबंदी कायद्याच्या संदर्भात, सार्वजनिक रस्त्यावरची खासगी गाडीही 'सार्वजनिक ठिकाणा'त येते असं ठरलं. २०२१ मध्ये, अमली पदार्थांच्या कायद्यातल्या झडतीच्या कलमासाठी, खासगी जीप त्यात येत नाही असं ठरलं. दोन्ही निकाल शस्त्रकायद्याचे नाहीत. पण 'माझी गाडी म्हणजे माझं घर' एवढ्यावर विसंबून राहू नये, इतकं त्यांतून नक्की शिकता येतं.

राहिले मी. कलम ३ प्रमाणे परवाना नसलेल्या माणसाला दुसऱ्याचं शस्त्र नेता येतं, पण मोजक्याच परिस्थितीत. परवानाधारक सोबत हवा किंवा त्याचं लेखी अधिकारपत्र हवं, आणि नेणं हे दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा त्याच्याच वापरासाठी असावं. माझ्याजवळ मामाही नव्हता आणि चिठ्ठीही. विनापरवाना पिस्तूल बाळगण्याला २०१९ पासून किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे.

माझा बचाव एकच : मला माहीत नव्हतं. तो पोकळ नाही. १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ताबा म्हणजे नुसतं जवळ असणं नव्हे, त्यात जाणीव हवी. त्याच निकालाची दुसरी बाजूही आहे. वस्तू दुसऱ्याकडे ठेवली तरी तिच्यावर हुकमत तुमची असेल, तर ताबा तुमचाच. मोशीच्या नाक्यावर मला जाणीव नव्हती. घरी कप्पा उघडला त्या क्षणापासून होती. रसायनशास्त्रात आपण एखाद्या प्रक्रियेत 'नेमक्या कोणत्या क्षणी' बदल झाला ते शोधत बसतो. इथे तो क्षण मला ऐकू आला, कप्प्याच्या 'टक्' आवाजासकट.

३(२५)

आपल्या भागातले पेपर रोज वाचणाऱ्यांना एक आकडा पाठ असतो : 'शस्त्र अधिनियम कलम ३(२५)'. भोसरीत, चिखलीत, चाकणमध्ये तरुणाकडून गावठी कट्टा आणि दोन काडतुसं जप्त. बरेच कट्टे मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टी भागातून येतात. ते सापडतात कुठे? कमरेला, दुचाकीच्या डिकीत, मोटारीच्या सीटखाली.

सीटखाली सापडला आणि गाडीत चौघं असतील, तर 'जाणीव' कुणाची हा प्रश्न अगदी खरा होतो. चौघांनाही आत बसावं लागतं आणि उत्तर मिळायला वर्षं जातात. आमच्या गल्लीतला एक मुलगा असाच मित्राच्या गाडीत मागे बसला होता. तो आता तारखांना जातो. त्याला माहीत होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. पण त्या रात्री नाक्यावर हवालदारांनी माझा कप्पा उघडला असता, तर मी आणि तो एकाच वाक्यात उभे होतो. फरक इतकाच की मी 'ताई' होते, गाडी पांढरी आणि मोठी होती, आणि मला 'जा' म्हटलं गेलं. १८७८ च्या कायद्यात सूट लिहिलेली होती. आता लिहिलेली नाही. बॅटरीचा उजेड कुणावर किती वेळ थांबतो, यात मात्र ती कधी कधी दिसते.

या पट्ट्यात परवाने कुणाकडे दिसतात तेही आठवून बघा. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं वेगळं पोलिस आयुक्तालय सुरू झालं आणि ग्रामीण पोलिसांकडचं चाकण त्यात आलं. मामाच्या परवान्यावर आधी जिल्हाधिकारी कार्यालयाचा शिक्का आहे, नंतर आयुक्तालयाचा. मधल्या काळात आजूबाजूच्या शेतांत मोटारींचे कारखाने उभे राहिले, जमिनीला भाव आला, भाऊबंदकी कोर्टात गेली. मामाला खरोखर धमकी आली होती, म्हणून तर परवाना मिळाला. त्याची भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण ज्याच्या भीतीने पिस्तूल घेतलं, त्याच्या वेळी ते कप्प्यात, दुसऱ्या गावात, भाचीसमोर असेल तर ते नक्की कुणाचं रक्षण करतंय?

त्या रात्री पुढे

मी कप्पा बंद केला, गाडीला कुलूप लावलं आणि मामाला सांगितलं, "आत्ताच्या आत्ता ये." तो कुरकुरत कुणाच्या तरी बाईकवर मागे बसून रात्री दीड वाजता आला. पिस्तूल घेतलं, मॅगझीन काढून वेगळं ठेवलं, चहा प्यायला. जाताना म्हणाला, "एवढा कायदा कुणी वाचत नसतं गं."

दिवाळीला भेटला तेव्हा कमरेला नवं होल्स्टर होतं, शर्टाच्या आत. मला मुद्दाम दाखवायला शर्ट वर करणार होता. आजी ओरडली, "झाक ते आधी!" नियम ८ इतक्या थोडक्यात मला सांगता आला नसता.

तुमच्या घरात परवान्याचं शस्त्र असेल तर आज एकच करा. ते या क्षणी कुठे आहे आणि गाडीची किल्ली कुणाकडे आहे, एवढं विचारा. पुढच्या पोस्टमध्ये : गोळी नेमकी याच पिस्तुलातून सुटली, हे प्रयोगशाळेत कसं ठरवतात, आणि त्यात चूक कुठे होऊ शकते.